उजव्या हाताची तर्जनी गेली, रेटिंग १० टक्के आले: हिशेब बरोबर आहे का?

प्रश्न: मोटरपूल_उजवाहात

नमस्कार. मी अमेरिकी लष्करात आठ वर्षे वाहनदुरुस्तीच्या कामावर होतो आणि गेल्या वर्षी करार संपल्यावर बाहेर पडलो. सेवेत असताना एका ट्रकच्या इंजिनाचा पट्टा बसवताना उजव्या हाताची तर्जनी पुलीत सापडली. त्याच रात्री लष्करी रुग्णालयात टोकाचे पेर काढावे लागले. जखम मात्र भरेना, हाडात जंतुसंसर्ग पसरला आणि तीन महिन्यांनी दुसरी शस्त्रक्रिया करून बोट आणखी मागून कापावे लागले. आज तर्जनीच्या जागी जे थोटूक उरले आहे, ते जेमतेम एका पेराएवढे आहे. मी लिहितो, जेवतो, पाना धरतो तो सगळा उजव्याच हाताने.

व्हीएकडे, म्हणजे अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाकडे, अपंगत्वाच्या भरपाईचा दावा मुदतीत केला होता. निर्णयपत्रात तर्जनीसाठी १० टक्के आणि टिनिटससाठी, म्हणजे कानात सतत वाजत राहणाऱ्या सुरासाठी, १० टक्के असे मिळून २० टक्के मंजूर झाले आहेत. पत्राला आता सात महिने झाले.

माझ्या मनात काही शंका आहेत. कामाचा हात गेला म्हणून टक्केवारी वाढायला नको का? शरीराचा एखादा भाग कायमचा गमावल्यास दरमहा वेगळी रक्कम मिळते असे एका सहकाऱ्याने सांगितले. ती बोटाला लागू होते का? थोटकाच्या टोकावरचा व्रण इतका हुळहुळा आहे की खिशातली किल्ली नुसती घासली तरी कोपरापर्यंत झिणझिण्या जातात. हे दुखणे १० टक्क्यांतच धरले आहे असे समजायचे का? आणि शेवटचे, जे बहुधा सगळ्यांच्याच मनात असते: फेरतपासणी मागितली आणि मिळालेले १० टक्केही काढून घेतले तर?

उत्तर: कागदांचा_हिशेब

मी एका माजी सैनिक संघटनेत मान्यताप्राप्त प्रतिनिधी म्हणून काही वर्षे दावे हाताळत आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

तुमच्या प्रकरणात सगळे एका गोष्टीवर येऊन ठरते: दुसऱ्या शस्त्रक्रियेत हाड नेमके कुठे कापले गेले. एक बोट गेलेल्या माणसाचे काम किती अडते, पकड किती सुटते, हे सगळे खरे असले तरी व्हीएची नियमावली एका बोटाच्या विच्छेदनात मुख्यतः हाडाची पातळीच पाहते. तर्जनीचा निदान-क्रमांक ५१५३ आहे. बोट टोकाच्या सांध्यातून किंवा मधल्या पेरातून गेले असेल तर १० टक्के मिळतात. ते मधल्या सांध्यातून किंवा त्याच्याही मागून गेले असेल तर २० टक्के मिळतात. तळहातातले त्या बोटाचे हाड निम्म्याहून अधिक काढले असेल तर कामाच्या हाताला ३० आणि दुसऱ्या हाताला २० टक्के दिले जातात. म्हणजे तर्जनीच्या बाबतीत हात उजवा की डावा हा प्रश्न केवळ या शेवटच्या पायरीवर उपयोगी पडतो. खालच्या दोन्ही पायऱ्यांवर दोन्ही हातांचा दर सारखाच आहे. तुमच्या पहिल्या शंकेचे उत्तर त्यामुळे ‘नाही’ असे आहे.

तुलनेसाठी सांगतो, अंगठा टोकाच्या सांध्यातून गेला तर कोणत्याही हाताला २० टक्के, मुळाच्या सांध्यातून किंवा मागच्या पेरातून गेला तर कामाच्या हाताला ३० आणि दुसऱ्याला २०, आणि तळहातातल्या हाडासकट गेला तर ४० आणि ३० टक्के असतात. मधले बोट, अनामिका आणि करंगळी यांना मधल्या सांध्यातून किंवा त्यामागून गेल्यास १० आणि तळहातातल्या हाडासकट गेल्यास २० टक्के मिळतात. या तिन्ही बोटांची केवळ टोकाची पेरे गेली असतील तर विच्छेदनाच्या क्रमांकाखाली काहीच टक्के ठेवलेले नाहीत. हा भेद मला आजवर पुरता पटलेला नाही, कारण करंगळी अर्धी झालेल्या माणसाच्या मुठीत हातोडा कसा फिरतो ते मी पाहिले आहे. पण तक्ता तसा आहे आणि दावा तक्त्यावरच चालतो.

आता तुमचे १० टक्के पाहा. ते मधल्या पेराच्या किंवा टोकाच्या सांध्याच्या विच्छेदनाचे आहेत, म्हणजे तुमच्या पहिल्या शस्त्रक्रियेशी तंतोतंत जुळणारे आहेत. तुम्ही लिहिता त्याप्रमाणे एकच पेर उरले असेल तर निर्णय देणाऱ्यासमोर दुसऱ्या शस्त्रक्रियेचा कागद आलाच नाही, किंवा आला आणि नजरेतून सुटला, यापैकी एक घडले असावे. यांतले कोणते घडले यावर पुढचा मार्ग ठरतो. अपिलांच्या पद्धतीत २०१७ च्या कायद्याने बदल झाला आणि १९ फेब्रुवारी २०१९ पासून तीन मार्ग आहेत. हायर लेव्हल रिव्ह्यूमध्ये अधिक अनुभवी अधिकारी आधीच्याच कागदांवर नव्याने विचार करतो. तेथे नवा पुरावा जोडता येत नाही, मात्र दूरध्वनीवर एकदा आपले म्हणणे मांडण्याची संधी मागता येते. सप्लिमेंटल क्लेममध्ये नवा आणि प्रकरणाशी संबंधित पुरावा जोडावाच लागतो. तिसरा मार्ग थेट अपील मंडळाकडे जाण्याचा आहे, आणि तो तुमच्यासारख्या सरळ प्रकरणाला विनाकारण लांबचा ठरेल. दुसऱ्या शस्त्रक्रियेचा अहवाल व्हीएच्या फाइलमध्ये आधीच असेल तर पहिला मार्ग घ्यावा, नसेल तर दुसरा. पत्राच्या तारखेपासून एका वर्षाच्या आत अर्ज गेला तर वाढीव टक्केवारी मूळ दाव्याच्या तारखेपासून लागू होऊ शकते, म्हणून उरलेले पाच महिने वाया घालवू नका.

दरमहा मिळणाऱ्या वेगळ्या रकमेबद्दल तुमच्या सहकाऱ्याने अर्धे बरोबर सांगितले. विशेष मासिक भरपाईच्या ‘के’ प्रकारात हात, पाऊल, डोळा अशा अवयवांचा समावेश होतो. एका बोटाचा होत नाही. हाताचा उपयोग संपला असे ठरण्यासाठी हाताचे उरलेले काम कोपराखाली कापलेल्या हाताला कृत्रिम हात बसवूनही तितकेच झाले असते, अशी स्थिती असावी लागते, आणि तुम्ही या हाताने पाना धरता. सेवेतल्या आघात विम्याचेही असेच आहे: त्यात अंगठा किंवा एका हाताची चारही बोटे गेल्यास ५०,००० डॉलर मिळतात, एकट्या तर्जनीला काही नाही.

टक्केवारी कमी होण्याच्या भीतीबद्दल इतकेच सांगतो की, निर्णयपत्रात तुमच्या बाजूने नोंदवलेले निष्कर्ष पुढच्या अधिकाऱ्यावर बंधनकारक असतात. उघड आणि निर्विवाद चूक दाखवल्याशिवाय ते फिरवता येत नाहीत. शिवाय बोट परत उगवत नसल्यामुळे अशा कायमस्वरूपी स्थितीसाठी ठरावीक काळाने पुन्हा तपासणीला बोलावण्याचीही पद्धत नाही.

मोटरपूल_उजवाहात

इतक्या तपशिलाबद्दल मनापासून आभार. तुमचे उत्तर वाचून मी कागद पुन्हा काढून बसलो. दुसरी शस्त्रक्रिया लष्करी रुग्णालयात झालेली नव्हती. त्या वेळी तिथे हाताचे शल्यविशारद उपलब्ध नसल्याने मला बाहेरच्या एका नागरी रुग्णालयात पाठवले होते. निर्णयपत्रात विचारात घेतलेल्या पुराव्यांची जी यादी आहे, तिच्यात त्या रुग्णालयाचे नाव कुठेच नाही. सी अँड पी तपासणीला, म्हणजे दाव्यासाठी व्हीए करवते त्या वैद्यकीय तपासणीला, जे डॉक्टर होते, त्यांनी हात टेबलावर ठेवायला सांगितला, दोन मिनिटे पाहिला आणि उरलेला वेळ संगणकावर खुणा करण्यात घालवला. क्ष-किरण काढला नाही.

अडचण अशी की माझ्याजवळ त्या रुग्णालयातून घरी सोडतानाचा एक कागद आहे आणि त्यावर फक्त ‘तर्जनीचे पुनर्विच्छेदन’ एवढेच लिहिले आहे. पातळी लिहिलेली नाही. ती मी स्वतः कशी ओळखावी?

उत्तर: हात_पुनर्वसन

मी हाताच्या पुनर्वसनाचे काम करते आणि विच्छेदनानंतरचे हात रोज माझ्यासमोर येतात, म्हणून या शेवटच्या प्रश्नापुरते लिहिते.

घरच्या घरी अंदाज घेण्याची एक सोपी रीत आहे. तळहात वर करून हात टेबलावर ठेवा, तर्जनीचे थोटूक दुसऱ्या हाताच्या चिमटीत बुडाशी धरा आणि ते वाकवून पाहा. ते फक्त तळहाताला जोडलेल्या सांध्यातच वाकत असेल आणि त्यापुढे कुठेही घडी पडत नसेल तर मधला सांधा बहुधा उरलेला नाही. टोकाशी एखादा बारीक तुकडा वेगळा हलल्यासारखा वाटला, तर मधल्या पेराचा बुडखा राहिलेला असू शकतो. शल्यविशारद शक्य असेल तेव्हा हा बुडखा मुद्दाम राखतात, कारण बोट वाकवणाऱ्या दोन कंडरांपैकी एक तिथे चिकटलेली असते आणि ती राहिली तर थोटकाला जोर राहतो. दाव्याच्या दृष्टीने मात्र तो बुडखा महागात पडतो, कारण तो असेल तर नियमाच्या भाषेत विच्छेदन मधल्या पेरातून झाले असे ठरते आणि १० टक्केच बरोबर ठरतात.

हा अंदाज तुमच्या स्वतःच्या समजुतीसाठी आहे. तो अर्जात लिहू नका. अर्जात दोन कागद जोडावे लागतील. पहिला म्हणजे शस्त्रक्रियेचा मूळ अहवाल, जो सोडतानाच्या कागदाहून वेगळा असतो आणि नोंदणी विभागाकडे लेखी मागितल्यावर मिळतो. सांध्यातून विच्छेदन करताना मागच्या पेराच्या टोकावरची दोन हाडांची उंचवटी बऱ्याचदा तासून काढतात, नाहीतर थोटूक गदेसारखे फुगीर दिसते. तसे केले असल्याची ओळ अहवालात सापडली तर कुऱ्हाड मागच्या पेरावरच चालली हे उघड होते, आणि मग मधल्या पेराचा प्रश्नच उरत नाही. दुसरा कागद म्हणजे आजचा क्ष-किरण आणि त्याचा लेखी अहवाल. त्यात ‘तर्जनीचे आंशिक विच्छेदन’ एवढेच लिहून देऊ नये, सांध्याचे नाव स्पष्ट लिहावे, अशी विनंती क्ष-किरण काढण्यापूर्वीच डॉक्टरांना करा. नंतर दुरुस्ती करून घेताना फार फेऱ्या होतात.

आणखी एक विचारते. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर हात पट्टीत किती दिवस होता? शेजारचे मधले बोट पूर्ण मिटते का? मूठ मिटून मधल्या बोटाचे टोक आणि तळहातावरच्या दोन आडव्या रेघांपैकी मनगटाकडची रेघ यांच्यात किती अंतर राहते ते साध्या पट्टीने मोजून कळवा.

उत्तर: जुना_नाविक

वरच्या दोघांनी व्रणाच्या प्रश्नाला अजून हात घातलेला नाही, म्हणून माझा अनुभव सांगतो. माझी डाव्या हाताची अनामिका जहाजाच्या दाराच्या चौकटीत गेली. बोटाचे १० टक्के मिळाले आणि दुखऱ्या व्रणाचे १० टक्के वेगळे मिळाले. एक किंवा दोन व्रण दुखरे असतील तर निदान-क्रमांक ७८०४ खाली १० टक्के, तीन किंवा चार असतील तर २० आणि पाच किंवा अधिक असतील तर ३० टक्के आहेत. थोटकाच्या टोकावरचा दुखरा व्रण त्यात बसतो. चेतातंतूच्या गाठीचेही, म्हणजे न्यूरोमाचेही, आणखी १० टक्के मागून घ्या, असे माझे मत आहे.

उत्तर: कागदांचा_हिशेब

व्रणाबद्दल सहमत आहे, न्यूरोमाबद्दल मात्र सावध राहावे लागेल. नियमावलीच्या कलम ४.६८ मध्ये थोटकावरच्या दुखऱ्या न्यूरोमाची तरतूद स्वतंत्रपणे लिहिलेली आहे: पुन्हा विच्छेदन करायचे ठरले तर ते ज्या पातळीवर करावे लागेल, त्या पातळीचे रेटिंग न्यूरोमाला द्यायचे. म्हणजे तेथे १० टक्के अधिक असा हिशेब नाही. बोटाचे रेटिंगच वरच्या पायरीवर जाते, आणि त्यासाठी न्यूरोमाचे निदान व पुनर्विच्छेदनाची पातळी या दोन्ही गोष्टी डॉक्टरांनी लेखी द्याव्या लागतात. एकच दुखणे दोन नावांनी दोनदा मोजायला कलम ४.१४ मनाई करते. किल्ली घासल्यावर येणाऱ्या झिणझिण्या व्रणाच्या आहेत की गाठीच्या, हे आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या आणि मग त्या एकाच नावाखाली मागा. एका अवयवाच्या एकत्रित टक्केवारीला कलम ४.६८ ची वरची मर्यादाही आहे, हे लक्षात असू द्या.

हिशेब कसा चालतो ते तुमच्याच आकड्यांवर दाखवतो, कारण टक्केवारीची सरळ बेरीज होते असे समजून अनेक जण निराश होतात. तर्जनीचे २० टक्के धरले तर उरलेले शरीर ८० टक्के सक्षम मानले जाते. टिनिटसचे १० टक्के या ८० चे काढायचे, म्हणजे ८. एकत्रित आकडा २८ येतो आणि तो जवळच्या दहाला नेऊन ३० टक्के होतो. आज तुमच्याकडे १० आणि १० यांचे १९ होऊन २० टक्के झालेले आहेत, तसाच हा प्रकार. व्रणाचे १० टक्के वेगळे मंजूर झाले तर २८ वरून ३५ वर जाता, आणि शेवटचा अंक पाच असल्यास वर नेण्याचा नियम असल्याने एकूण ४० टक्के होतात. १ डिसेंबर २०२४ पासूनच्या दरांनुसार एकट्या माजी सैनिकाला २० टक्क्यांना दरमहा ३४६.९५ डॉलर, ३० टक्क्यांना ५३७.४२ डॉलर आणि ४० टक्क्यांना ७७४.१६ डॉलर मिळत होते. ३० टक्क्यांपासून पती-पत्नी, मुले आणि अवलंबून असलेले आईवडील यांच्यासाठी वाढीव रक्कम सुरू होते. तुमचे कुटुंब असेल तर ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे.

मोटरपूल_उजवाहात

मोजमापे घेतली. थोटूक फक्त मुळाच्या सांध्यात वाकते, पुढे काही हलत नाही. हात सात आठवडे पट्टीत होता. मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी लावून मूठ मिटली तर मधले बोट तळहाताच्या रेघेपासून २ सेंटिमीटरवर अडते आणि शेवटच्या थोड्या अंतरात मागच्या सांध्यात चांगलेच दुखते. अनामिकाही थोडी अडते, पण ती १ सेंटिमीटरवर येते. पत्नी आणि दोन मुले आहेत.

उत्तर: हात_पुनर्वसन

मधल्या बोटाचे अंतर २.५ सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक असते तर निदान-क्रमांक ५२२९ खाली १० टक्के सरळ मिळाले असते. तुमचे अर्ध्या सेंटिमीटरने हुकते. तरीही हालचाल करताना सांधा दुखत असेल तर कलम ४.५९ प्रमाणे त्या सांध्यासाठी ठेवलेली किमान टक्केवारी द्यावी असा नियम आहे, आणि मधल्या बोटासाठी ती १० टक्के आहे. अनामिकेचा नाद मात्र सोडून द्या. तिच्या हालचालीसाठीच्या ५२३० क्रमांकात शून्याखेरीज टक्केवारीच नाही, आणि माजी सैनिकांच्या दाव्यांच्या अपील न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केले आहे की क्रमांकातच किमान टक्केवारी नसेल तर कलम ४.५९ ती निर्माण करू शकत नाही.

पुढच्या तपासणीत मूठ मिटायला सांगितली तर जिथे दुखायला लागते तिथे थांबा आणि ‘इथे दुखते’ असे मोठ्याने सांगा. बरीच मंडळी, विशेषतः सेवेतून आलेली, दात दाबून मूठ पूर्ण मिटून दाखवतात आणि कागदावर ‘हालचाल पूर्ण, वेदना नाही’ असे लिहिले जाते.

उत्तर: कागदांचा_हिशेब

तर मग मार्ग सप्लिमेंटल क्लेमचाच, अर्ज क्रमांक २०-०९९५. त्याला नागरी रुग्णालयातला शस्त्रक्रियेचा अहवाल आणि नवा क्ष-किरण जोडा. अहवाल व्हीएनेच मागवावा यासाठी २१-४१४२ क्रमांकाचे संमतिपत्र भरता येते, पण कागद स्वतः मिळवून जोडलेला बरा; मागवलेला कागद वाटेत अडकला की महिने जातात. मधल्या बोटाचा आणि व्रणाचा उल्लेख पहिल्या दाव्यात केलेला होता का, ते आधी तपासून सांगा. केलेला नसेल तर ते दोन्ही याच अर्जात कोंबू नका. त्यांच्यासाठी २१-५२६ईझेड हा वेगळा अर्ज लागतो आणि त्यांची तारीख वेगळी धरली जाते. तो अर्ज तयार व्हायला वेळ लागणार असेल तर आजच दावा करण्याचा इरादा नोंदवा. त्यानंतर एक वर्षाच्या आत पूर्ण अर्ज दिला तरी तारीख आजची धरली जाते.

मोटरपूल_उजवाहात

व्रणाचा उल्लेख केलेला होता, मधल्या बोटाचा नव्हता. इरादा आत्ताच नोंदवला. नागरी रुग्णालयाच्या नोंदणी विभागाने अहवालासाठी दहा दिवसांचा वेळ मागितला आहे. हाती आला की त्यातली उंचवट्यांबद्दलची ओळ इथे लिहितो.